न कळलेलं पुढे देणं

जे स्वतःला कळत नाही, ते वारसाने पुढे द्यावं का? धर्मात हा प्रश्न जुना. माझ्यापुढे तो ऑफिसात येतो, पायथनच्या कोडमधून.

जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये मॉडेलचं सेव्ह फंक्शन आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहायचं, तर दोन तारकांचं केडब्ल्यूआर्ग्ज, म्हणजे नावानिशी येणारं उरलेलं सगळं, घ्यायचं आणि सुपरकडे, म्हणजे मूळ क्लासकडे, तसंच सोपवायचं. उद्या मूळ क्लास एखादं नवं आर्ग्युमेंट घेऊ लागला, तर मधल्यामध्ये आपण आडवं येऊ नये, एवढाच हेतू. टीममधली नवी मुलगी विचारते, ‘‘ताई, काय येणार ते माहीत नसताना घ्यायचं कशाला?’’ संशय रास्त आहे. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 साली मांडलेला दंडक, की मूळ क्लासच्या जागी वारस ठेवला तरी काम अडता कामा नये, मला मान्य आहे. पण त्यातून ‘येईल ते गिळा’ असं निघत नाही.

आमच्या वसईतल्या माणिकपूरच्या सेंट मायकल चर्चमध्ये ईस्टरच्या जागरणाला संतांची लितानी, म्हणजे एकेका संताचं नाव घेत केलेली प्रार्थना, होते. मारिया, महादूत मिखाएल, पुढे योहान, योसेफ, पेत्र, क्रम ठरलेला. मात्र स्थानिक आश्रयदाते आणि बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या नावांचे संत मध्ये घालायची मुभा रोमनेच ठेवली आहे. म्हणून वसईत गोन्सालो गार्सियाचं नाव घेता येतं: जन्म इथला, 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रूसावर मरण, 1862 साली संतपद. यादी कितीही लांबो, लोकांचा प्रतिसाद तोच. शेजारच्या बाकावरच्या मावशींना त्यातले निम्मे संत कोण हे ठाऊक नसावं. पण एकाही नावाला त्यांचा आवाज अडखळत नाही.

याला मी आंधळेपणा म्हणणार नाही. घातक तो क्लास, जो सगळं घेतो आणि पुढे काहीच देत नाही. आर्ग्युमेंटचं स्पेलिंग चुकलं तरी तिथे हूं की चूं होत नाही. पुढे दिलं, तर वर कुठेतरी टाइपएरर येतो आणि चूक उघडी पडते. आपल्याला लागतं ते नाव घेऊन काढून घ्यावं, उरलेलं सोपवावं.

धर्मात ती तपासणी फार सावकाश होते, हा माझा खरा पेच. 1969 साली रोमने सणांचं पंचांग तपासलं, तेव्हा इतिहासाचा आधार कच्चा म्हणून अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन सार्वत्रिक यादीतून वगळली गेली. 2002 साली तिचं नाव परत आलं. मधली तेहेतीस वर्षं जे तिचा धावा करतच राहिले, त्यांना मी अडाणी म्हणू धजत नाही.