पंख्याच्या पात्यावरचे नाव

शंका : आमच्या मंडळीने नवे पंखे घेतले. पात्यांवर देणगीदारांची नावे रंगवली आहेत. दानधर्म करताना कर्णा वाजवू नको असे सांगणारे मत्तय ६:२ दाखवून मी हरकत घेतली, तर वडीलजनांनी बर्णबाचे नाव पुढे केले. एक पाहुणे उपदेशक म्हणाले, त्या वचनातला ग्रीक शब्द हिशेबातला आहे. खरे काय? मग मी पावत्याही देऊ नयेत का?
— एक खजिनदार, अहिल्यानगर जिल्हा

समाधान : उपदेशक बरोबर बोलले. कर्णा वाजवणारे ‘आपले प्रतिफळ भरून पावले आहेत’ असे तिथे म्हटले आहे, त्यातला ‘भरून पावणे’साठीचा शब्द आहे ‘अपेखो’. इजिप्तमध्ये खापरांवर आणि पपायरसवर लिहिलेल्या जुन्या पावत्या सापडल्या, त्यांत तो वारंवार येतो. जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान यांनी १९०८ च्या ग्रंथात हे दाखवून दिले आणि मला ते पूर्ण पटते. आपण खरेदीखतात ‘रक्कम भरून पावलो’ लिहून देतो, तोच हा मामला. येणे संपले, पुन्हा मागायला यायचे नाही. त्याच वचनात ‘हुपोक्रितेस’ म्हणजे नाटकातला नट आहे आणि ‘मिस्थोस’ म्हणजे मजुरी. नटाला टाळ्या हव्या होत्या, त्या मिळाल्या, खाते बंद. दानासाठीचा ‘एलेएमोसुने’ हा शब्द मात्र ‘एलेओस’पासून, म्हणजे दयेपासून आलेला. पुढे प्रार्थना आणि उपास यांबद्दल बोलतानाही येशू हीच पावती फाडतो.

तुमच्या पावत्या बिनधास्त द्या. फिलिप्पैकरांची देणगी पोहोचल्यावर बंदिवासातल्या पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात (४:१८) हाच शब्द वापरून पोच दिली. आणणाऱ्या एपफ्रदीताचे नाव लिहिले. कोणी किती दिले, हे नाही.

बर्णबाने शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवले. नाव लूकने नोंदवले, त्याने स्वतः कोरून घेतले नाही. वडीलजनांनी प्रेषितांच्या कृत्यांतला पुढचा अध्यायही वाचावा, काही पैसे मागे ठेवून सगळे दिल्याचे भासवणाऱ्या हनन्या-सप्पीरेचा.

खरे सांगायचे तर मला देणगीदारांपेक्षा व्यासपीठावरच्यांचा राग येतो. कापणीच्या सणाला एका भोपळ्याची बोली चढवत नेणारे कोण? उपदेश आटोपता घेऊन देणग्यांची यादी मोठ्या रकमेपासून सावकाश वाचणारे कोण? शंभरपट परत मिळेल म्हणून गरिबाचा दशांश आगाऊ मागणारे कोण? त्या यादीच्या शेवटी ‘आणि इतर’ येते. दोन टोल्या टाकणारी विधवा आज आली, तर ती त्या ‘इतर’मध्येच जाईल. नटाला बोल लावायचा आणि रंगमंच बांधणाऱ्याला पाळक म्हणून हार घालायचा, हे मला जमत नाही.

रंगवलेली नावे परस्पर पुसू नका, भांडण होईल. त्या कुटुंबांना भेटा, वचन वाचून दाखवा, मग त्यांनाच ठरवू द्या. पुढच्या खरेदीआधी मात्र कमिटीत ठराव करून घ्या : पावती मिळेल, पात्यावर नाव येणार नाही. त्यामुळे एखादा पंखा कमी आला तर खिडक्या उघड्या ठेवा.