जाड ऑइल

जुन्या गाडीत कोणतं ऑइल टाकावं, हे मला आजवर निदान पन्नास जणांनी विचारलं असेल. कर्जत-खालापूर पट्ट्यात गाडी म्हातारी झाली म्हणून कुणी सोडून देत नाही. भाताची पोती, पेंढा, काकडी, मांडवाचे बांबू, गणपती, रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण, सगळं त्याच एका पिकअपच्या हौद्यातून जातं. पंचवीस वर्षं मी हेच केलं, तेव्हा लोक विचारतात आणि मी सांगतो. त्यातल्या एकाला मी अगदी खरं उत्तर दिलं होतं. ते खरं उत्तर अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

आधी ऑइलचं सांगून टाकतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

डब्यावर १५डब्ल्यू-४० असं काहीतरी छापलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा गार इंजिनात ऑइल किती चटकन पळतं ते सांगतो. आकडा लहान तितकं थंडीत ते पातळ. दुसरा आकडा इंजिन पुरतं तापल्यावरचा, शंभर अंशांवर ऑइलला किती जाडी उरते त्याचा. आमच्याकडे पौषात पहाटे शेकोटी लागते खरी, पण बर्फ काही पडत नाही. पहिल्या आकड्याची आपल्याला फार काळजी नाही. वैशाखात हौदा भरून खोपोलीहून बोरघाट चढायला लागलात, की दुसऱ्या आकड्याशी गाठ पडते. त्याच डब्यावर सीएच-४, सीआय-४ अशी अक्षरं असतात. सी डिझेलचं, एस पेट्रोलचं. सी-च्या पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितकं ऑइल सुधारलेलं, आणि सीएच-४ च्या गाडीला सीआय-४ खुशाल चालतं. मोटारसायकलचं उरलेलं अर्धा लिटर पिकअपमध्ये ओतू नये. ते ओल्या क्लचसाठी केलेलं असतं. सुट्टं ऑइल घेऊ नये. सीलबंद डबा घ्यावा आणि रिकामा झाला की फोडून टाकावा, नाहीतर त्याच डब्यात दुसऱ्या कुणाला काय विकलं जाईल सांगता येत नाही. डिझेल गाडीचं ऑइल चार दिवसांत काळं झालं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. ते इंजिनातली काजळी स्वतःत घेतं, म्हणून काळं होतं. काम करणाऱ्याचे हात काळे व्हायचेच.

आता झिजलेल्या इंजिनाचं. रिंगा आणि बोअर झिजले की ऑइल वर चढून जळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. काळा धूर वेगळा, तो बहुतेक वेळा डिझेल जास्त जाण्याचा किंवा एअर फिल्टर तुंबल्याचा. बेअरिंगमधली फट वाढली की तापलेलं, पातळ झालेलं ऑइल दाब धरत नाही. गाडी जागेवर उभी असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो. अशा वेळी मिस्त्री सांगतो, "वीस-पन्नास टाका." म्हणजे २०डब्ल्यू-५०. जाड ऑइल वाढलेली फट भरून काढतं. आवाज दबतो, धूर कमी होतो, दिवा विझतो. इंजिन दुरुस्त झालेलं नसतं, गप्प झालेलं असतं.

गाडीचं पुस्तक वेगळं सांगतं. पुस्तकात नव्या इंजिनाचं ऑइल असतं. आमची गाडी पुस्तकातून निघून बरीच पुढे आलेली असते, म्हणून मिस्त्रीचं ऐकणं चूक आहे असंही मी म्हणणार नाही.

आजोबांकडे बैलगाडी होती. खाली वंगणाचं नळकांडं लटकत असायचं, आख कुरकुरला की वंगण. ते मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेला जात. पौषी पौर्णिमेची ती जत्रा, जनावरांचा मोठा बाजार. तिथे रुमालाखाली बोटं धरून सौदे होत, आणि म्हातारे बैल तरुण होत. शिंगं तासायची, तेल लावून चकचकीत करायची, अंग चोळून काढायचं. गिऱ्हाईकही कच्चं नसे, ते जबडा उघडून दात मोजायचं. आजोबांनी एकदा एक बैल विकायला नेला. तो चिखलणीत मधेच बसायचा. गिऱ्हाईकानं दात बघितले, चालवून बघितला, पण बाजाराच्या मैदानात चिखल कुठला? सौदा ठरता ठरता आजोबांनी स्वतःच सांगितलं, की हा बसतो. पैसे पडले. वडील वाटभर कुरकुरले, तेव्हा आजोबा म्हणाले, "बैलाला बोलता येत नाय. मंग आपुन बोलायला नको?"

ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. तरी माझी पहिली पिकअप विकायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "द्यायचीच हाय ना? मंग वीस-पन्नास टाकू," आणि मी हो म्हणालो.

घेणारा कशेळ्याच्या वरच्या अंगाच्या ठाकूरवाडीतला पोरगा. पंचविशीचा. काकडी, भेंडी, पावसाळ्यात रानभाजी वाडीवरून खाली आणायची आणि बाजार गाठायचा, असा त्याचा बेत. तोवर वाडीतल्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन उतरायच्या. थोडे पैसे त्याचे, थोडे शेळ्या विकून आलेले, बाकी बायकोच्या बचतगटाचं कर्ज. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायर दाबून बघितले, चारफाट्यापर्यंत चालवली. गाडी गप्प होती. मीही.

मी त्याला फसवलं का? माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते बरीच वर्षं टिकलं. त्यानं इंजिनाबद्दल विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. किंमत मी अगोदरच कमी लावली होती. जुनी गाडी घेणारा जुनी आहे हे समजूनच घेतो. आणि सगळ्यात भक्कम मुद्दा हा, की गाडी ठेवून घेतली असती तरी मी तेच ऑइल टाकलं असतं. भेसळ नव्हे, डब्यात मिळणारं चांगलं, महागातलं ऑइल. माझ्या गाडीला जे चाललं असतं तेच त्याच्या गाडीला दिलं. यात पाप कुठलं?

दोन महिन्यांनी तो घरी आला. मी ओळखलं, आता भांडण होणार. मनात वाक्यं जुळवून बाहेर आलो. तो ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, माझ्या हातून चूक झाली वाटतं."

त्याचं असं झालं होतं. गाडी घेतली, आता नीट ठेवायची म्हणून त्यानं ऑइल बदललं. गाडीबरोबर मी दिलेलं पुस्तक कुणाकडून तरी वाचून घेतलं. त्यात १५डब्ल्यू-४०. कर्जतला येऊन सीलबंद डबा घेतला, फिल्टरही नवा घातला. आठवड्याभरात इंजिन खडखडायला लागलं, निळा धूर, लाल दिवा. चांगली चालती गाडी आपण चुकीचं ऑइल टाकून बिघडवली, अशी त्याची खात्री झाली होती. बायको बोलत होती, तिच्या गटातल्या बायका बोलत होत्या.

"तुम्ही कुठला टाकायचात, दादा? तोच टाकतो."

मी म्हणालो, "वीस-पन्नास."

त्यानं ते दोनदा म्हणून पाठ केलं. चहा घेतला आणि गेला. घरातून विचारणा झाली, "एवढंच विचारायला आला होता?" मी म्हटलं, "एवढंच."

माझ्या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. विचारलं तर सांगीन म्हणत होतो, त्यानं विचारलं, मी सांगितलं. आणि त्याच्या माथ्यावरचा दोष तसाच ठेवून त्याला वाटेला लावलं. पैशाचं मी मनाशी कसंही जुळवून घेतलं असतं. पण त्यानं सगळं बरोबर केलं होतं, पुस्तकाप्रमाणे, पै-पै मोजून, आणि चुकलो असं समजत तो वाडीवर परत चढला.

माझा तो भक्कम मुद्दा तेव्हापासून खिळखिळा झाला, पण नेमका कुठे, ते कळायला वेळ लागला. स्वतःच्या गाडीत जाड ऑइल टाकलं असतं तर दुखणं मला माहीत होतं. मी ओझं कमी भरलं असतं, रोज सकाळी डिपस्टिक पुसून बघितली असती, घाटाचं भाडं नाकारलं असतं. हाफ इंजिनाच्या कामासाठी पैसे बाजूला टाकत गेलो असतो. त्याला मी तेच ऑइल दिलं, पण हे माहीत असणं माझ्याजवळच ठेवून घेतलं. गाडीची किंमत घेतली आणि निम्मी गाडी दिली म्हणा ना.

वापरलेल्या ऑइलचंही तसंच असतं, जाता जाता सांगतो. जळकं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे, पुनर्प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडेच जायला हवं. आमच्याकडे पूर्वी गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासायचे, उरलेलं ओढ्याच्या कडेला. ओढा उल्हास नदीला मिळतो आणि खालचं गाव काय पितं हे वरच्याला दिसत नाही. मीही ओतलेलं आहे. आता कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याला देतो, तो पुढे काय करतो हे दर वेळी विचारतोच असं नाही.

पोराचं पुढे ऐकत होतो. जाड ऑइलवर गाडी पावसाळाभर चालली, मग खोपोलीला हाफ इंजिन करावं लागलं. चाळीस हजारांवर गेलं म्हणे. त्या वर्षी मी कशेळ्याच्या रस्त्याचं भाडं घेत नव्हतो.

गेल्या मार्गशीर्षात तो कर्जतच्या बाजारात भेटला. आता चाळिशीकडे झुकलाय, केस पिकायला लागलेत. माझी दुसरी पिकअप बघत उभा होता. एमएच ०६ ची पाटी, म्हणजे पनवेलचं आरटीओ व्हायच्या आधीची, पेणची. हीपण ऑइल पिते. हिच्यात मी १५डब्ल्यू-४० च टाकतो आणि हजार-बाराशे किलोमीटरला लिटरभर वरून घालतो. धूर दिसतो, दिसू दे.

मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"मला ठाव हाय, दादा. मिस्त्रीनं हेड खोलला तवाच कळला."

"मग आला का नाहीस?"

"मला वाटला, दादा सांगतील कधीतरी." मग पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "ही द्यायची हाय काय? धाकट्या भावाला पायजे."

मी काही बोललो नाही. गाडी चालू केली, चांगली दहा मिनिटं तापू दिली. बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण फिरवून काढलं. आतून धूर भकभक बाहेर यायला लागला. तो वाकून बघत होता.