दुःखाचा मालक कोण?

खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. व्यापाराच्या निमित्ताने तुकोबा घाट उतरून येथे येत, असे परंपरा सांगते. यात्रेत गायिल्या जाणाऱ्या त्यांच्या अभंगांवर आज कोणाचेही स्वामित्व नाही. ते म्हणण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. तरीही अभंगाच्या अखेरीस येणारी ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा गाळण्याचे धाडस कोणी करीत नाही. दुष्काळाने संसार उद्ध्वस्त झालेल्या या कवीने आपले दुःख आपल्याच शब्दांत सांगितले आणि त्याखाली आपले नाव घातले.

ज्यांना असे सांगता येत नाही त्यांच्या दुःखाचे काय? त्यांची कहाणी दुसरा कोणी सांगतो, तेव्हा ती कोणाची होते?

हा प्रश्न साजगावच्याच खालापूर तालुक्यात एका रात्रीत उभा राहिला. १९ जुलै २०२३ रोजी रात्री इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर आदिवासींच्या वाडीवर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह हाती आले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले. जेथे पायवाटेनेच पोहोचावे लागे, त्या वाडीची छायाचित्रे एका दिवसात देशभर पोहोचली. त्यांत चिखल होता, मोडलेली घरे होती आणि आक्रोश करणारी माणसे होती.

या छायाचित्रांविषयी कायदा काय म्हणतो? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारा. तो वृत्तपत्राच्या नोकरीत असेल, तर प्रसिद्धीपुरता हक्क सामान्यतः वृत्तपत्राच्या मालकाकडे जातो. हे स्वामित्व कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेले छायाचित्र याप्रमाणे अनेक दशके कोणाच्या तरी मालकीचे राहील. त्याची मोडतोड होऊन कर्त्याच्या लौकिकाला बाध आला, तर दाद मागण्याची सोयही कलम ५७ मध्ये आहे. कर्त्याच्या प्रतिष्ठेची एवढी काळजी घेणारा हा कायदा चित्रात रडणाऱ्या स्त्रीविषयी मात्र मौन बाळगतो.

मग तिने अब्रूनुकसानीच्या कायद्याकडे वळावे काय? तेथेही तिच्या हाती काही लागत नाही. तिच्याविषयी कोणी खोटे बोललेले नाही. चित्र खरेच आहे. मात्र याच कायद्यात एक विचार दडलेला आहे, तो लक्षात घेण्याजोगा आहे. भारतीय दंडविधानाच्या कलम ४९९ मध्ये होता तो नियम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला आहे. त्यानुसार फौजदारी खटल्यात ‘मी सांगितले ते खरे होते’ एवढा बचाव पुरत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर निर्णय देताना हा कायदा वैध ठरविला. ख्रिस्ती नीतिशास्त्रही आठव्या आज्ञेचा विचार करताना खोटा आरोप आणि विनाकारण उघड केलेले खरे व्यंग, अशी दोन्ही पापे वेगवेगळी सांगते. सत्य बोलण्यालाही कारण असावे लागते, हा या दोन्हींचा गाभा.

आपल्या मराठी रंगभूमीने हा प्रश्न फार पूर्वी मांडला होता. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी स्त्रियांचा व्यापार चालतो हे सिद्ध करण्यासाठी एक स्त्री प्रत्यक्ष विकत घेतली. त्यावरून विजय तेंडुलकरांनी ‘कमला’ हे नाटक लिहिले आणि पुढे जगमोहन मुंदडा यांनी चित्रपट काढला. वृत्तपत्र मुंबई उच्च न्यायालयात गेले. घटनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, हे तत्त्व १९८५ च्या त्या निवाड्यातून पुढे आले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. घटनांवर मालकी आली, तर इतिहास लिहिणेच अशक्य होईल. परंतु वृत्तपत्र आणि चित्रपट यांच्यातील या वादात जिची ती कहाणी, ती स्त्री पक्षकार नव्हती.

अलीकडे व्यक्तीच्या हक्काकडे न्यायालये अधिक लक्ष देऊ लागली आहेत. २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरला. २०२५ साली ज्येष्ठ गायिका आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. हे स्वागतार्ह आहे. पण ज्याच्या आवाजाला बाजारात मोल आहे, त्याला हे संरक्षण प्रथम मिळते. आक्रोशाला मोल नसते, असे मात्र नाही. ते मोल आक्रोश करणाऱ्याला मिळत नाही, एवढेच.

यावर एक रास्त आक्षेप येईल. प्रत्येक चित्रासाठी संमती हवी, असे ठरविले तर बातमीच मरेल आणि त्याचा पहिला लाभ बलवंतांना होईल. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात पत्रकारितेला स्वतंत्र सूट नाही, म्हणून पत्रकारांच्या संघटनांनी व्यक्त केलेली चिंता पोकळ नाही. इर्शाळवाडीचे दुःख जगाने पाहिलेच नसते, तर डोंगरकपारीतील इतर वाड्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न कोणी विचारला असता? तेव्हा कॅमेरा बंद करा, हे उत्तर नव्हे.

उत्तर लोकहिताच्या त्या अटीतच शोधावे लागेल. दुःखिताचे चित्र घेण्याची नैतिक परवानगी लोकहिताने दिलेली असते. म्हणून लोकहित असेल तेथवरच ती टिकते. मदत पोहोचावी, जबाबदारी निश्चित व्हावी, पुढचा अपघात टळावा, यासाठी ते चित्र हवे. तेच चित्र उद्या स्पर्धेत, दिनदर्शिकेत वा जाहिरातीत आले, तर सत्य तेच राहील, कायदेशीर मालकही तोच राहील. परवानगी मात्र संपलेली असेल. त्या वेळी पुन्हा डोंगर चढून त्या माणसाला विचारणे भाग आहे, आणि तो ‘नको’ म्हणाला, तर ते मानणेही भाग आहे.

कायद्याने दिलेली मुदत हा मालकीचा हिशेब आहे. ऋणाचा हिशेब निराळा असतो. आपण ज्याची कहाणी सांगितली, त्याच्या घरी ती परत नेऊन दाखविता येईल काय, हे सांगणाऱ्याने स्वतःला विचारावे. संपादकांनी विचारावे, आणि सकाळी चहाबरोबर ते चित्र पाहणाऱ्या आपणही विचारावे.