कात्यायनीला काय ठाऊक होतं?

भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, घराण्यातल्या ज्या बायका नवऱ्याच्या आधी गेल्या त्यांचं श्राद्ध करतात. सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. नवऱ्याच्या मागे जगल्या त्यांना हा दिवस नाही, त्यांचं श्राद्ध त्यांच्या तिथीला. पितृपक्षातला खास बायकांसाठी राखलेला दिवस, आणि तो गेलेल्या बाईबद्दल विचारतो काय, तर मरताना नवरा होता की नव्हता. संकल्पात तिचं नाव घेतात, पण ते पुष्कळदा लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेलं, सासरी बदललेलं नाव. गोत्रही नवऱ्याचं. सपिंडीकरणात तिचा पिंड सासरच्या पिंडांत मिसळतो. ऐंशी वर्षं जगलेली बाई कोणाची कोण होती, एवढं या विधीत नीट सांगितलं जातं. तिला काय कळत होतं, याला मात्र त्यात जागाच नाही. स्मरण हे मृताचं ऋण असेल, तर ते तिच्या जाणतेपणाचं स्मरण असायला हवं, नुसत्या नात्याचं नव्हे, असं मला ठामपणे वाटतं.

हा प्रश्न आजचा नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्याच्या दोन बायका आहेत. मैत्रेयी ब्रह्मवादिनी. संपत्तीने अमरत्व मिळेल का, हा तिचा प्रश्न उपनिषदाने जपून ठेवला आणि आपण आजही तिला त्या प्रश्नासकट ओळखतो. दुसरी कात्यायनी. तिला बायकांना असते तेवढीच समज होती, एवढं सांगून ग्रंथ पुढे जातो. ती समज म्हणजे नेमकं काय? याज्ञवल्क्याच्या घरी अन्न कोण राखत होतं, गाईंचं दुखणंखुपणं कोण ओळखत होतं, हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. त्याच उपनिषदाच्या शेवटी गुरुपरंपरेची जी यादी येते, तिच्यातले अनेक आचार्य आईच्या नावाने सांगितलेले आहेत आणि त्यांत एक कात्यायनीपुत्रही आहे. ही कात्यायनी तीच असेल असं नाही. पण बाईचं नाव टिकलं तेही कोणाची तरी आई म्हणून, हे त्या यादीतून दिसतं.

यावर श्रद्धाळू माणूस म्हणेल की श्राद्ध हे मृताच्या पुढच्या प्रवासासाठी आहे, ते काही चरित्रकथन नव्हे. हे मान्य आहे. मात्र मग पिंडदान झालं की आजीचं सगळं केलं असं समाधान मानू नये, कारण स्मरणाचं काम अजून सुरूच झालेलं नसतं. दुसरा आक्षेप वेदान्ताचा: आत्म्याला ना नाव ना रूप, मग देहाच्या आठवणी कशाला कवटाळायच्या? पण देहभाव सोडा म्हणणाऱ्या वारकऱ्यांनीच जनाबाईचे अभंग जपले आणि त्या अभंगांत तिचं दळणकांडण आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. त्या पिढीतल्या बायकांना स्वतःविषयी बोलणं आवडायचंच नाही, मग त्यांच्या मागे आपण ते का उकरायचं? पण जिला आयुष्यभर कोणी काही विचारलं नाही, तिच्या गप्प राहण्याला तिची इच्छा कसं म्हणायचं? दळण संपेपर्यंत जात्यावर बायका किती बोलत होत्या, ते हेमा राईरकर आणि गी पॉतव्हें यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या लाखाहून अधिक ओव्यांनी दाखवून दिलं आहे. बाप, भाऊ, सासर, सीता, विठ्ठल, सगळ्यांबद्दल त्यांना मत होतं.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, ती प्रतिभा होती, प्रत्येक म्हातारी काही कवयित्री नसते. खरं आहे. पण बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, त्या ऐन तिशीत विधवा झाल्या, आणि ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या तेव्हा त्यांची गाणी छापलेली नव्हती. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने ती उतरवून ठेवली नसती, आचार्य अत्र्यांनी आग्रह धरला नसता, तर १९५२ चं ते पुस्तक निघालं नसतं आणि खानदेशातल्या एका घराच्या श्राद्धात घ्यायचं एक नाव एवढंच उरलं असतं. प्रतिभा त्यांची होती, पण ती आपल्यापर्यंत आली ती कोणीतरी ऐकून लिहून ठेवली म्हणून. बाकीच्या घरांत कविता नसेल. कोणतं बियाणं कोणत्या मातीत धरतं, अडलेल्या बाळंतिणीशी काय बोलायचं, कोणत्या भावकीत कोणी कोणावर अन्याय केला, हे तर असतं. श्राद्धही तीन पिढ्यांपलीकडचं नाव घेत नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. पण किती काळ आठवायचं हा प्रश्न वेगळा आणि काय आठवायचं हा वेगळा. या पितृपक्षात पान वाढण्याआधी गेलेल्या आजीचं माहेरचं नाव घरात कोणाला ठाऊक आहे का ते विचारा, आणि तिला काय येत होतं ते आठवेल तेवढं वहीत लिहा. घरात एखादी म्हातारी हयात असेल, तर आधी तिच्यापाशी जाऊन बसा.