हत्यारांची निवड

एकाच कामास पुरीं पडणारीं दोन हत्यारें पुढें आलीं म्हणजे मनुष्याची जी पंचाईत होते, ती हत्यार मुळींच नसण्याच्या पंचाइतीहून निराळ्या जातीची असते. हत्यार नसेल तर दैवाला दोष देतां येतो; दोन असलीं तर तो स्वतःच्या निवडीकडे येतो. संकेतस्थळांचीं चित्रें व मांडणी करून देणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्यानें हा प्रश्न मजपुढें ठेविला, तेव्हां तो मला केवळ बाजारी वाटला होता. आतां तसा वाटत नाहीं.

फोटोशॉप १९९० सालीं निघालें तें छायाचित्रांसाठीं. फायरवर्क्स मॅक्रोमीडिया कंपनीनें १९९८ सालीं काढलें तें मुळापासूनच संकेतस्थळांसाठीं. त्यांत काढलेलें बटण मागाहूनही बटण म्हणूनच लांबवितां येई, त्यावरील अक्षर बदलतां येई. आणि चित्र वजनानें हलकें करणें हा तर त्याचा हातखंडा. १९९९ सालीं फोटोशॉपच्या ५.५ या आवृत्तीबरोबर इमेजरेडी नांवाचें जोडहत्यार मिळूं लागलें आणि दोघांच्या हद्दी एकमेकींत शिरल्या. अशा वेळीं लोक ‘श्रेष्ठ कोणतें?’ असें विचारतात. मला हा प्रश्नच फोल वाटतो. छायाचित्राची छटा सुधारणें आणि एका मापाचीं पन्नास बटणें आखणें हीं कामें दोहोंनींही होत असतील, पण सारख्याच सुखानें होत नाहींत. माझ्या विद्यार्थ्याचें काम दुसऱ्या प्रकारचें. त्यानें फायरवर्क्स घेतलें, तें योग्यच केलें.

पुढें २००५ सालीं फोटोशॉपच्या मालकांनीं, म्हणजे ॲडोबीनें, मॅक्रोमीडिया विकत घेतली. दोन्ही हत्यारें एका घरचीं झालीं. आणि एका घरांत एकाच कामाचीं दोन माणसें फार दिवस नांदत नाहींत. २०१३ सालीं फायरवर्क्सची नवी आवृत्ती निघणार नाहीं असें जाहीर झालें.

या विद्यार्थ्यानें पूर्वी एका वाचनालयाचें संकेतस्थळ केलें होतें. त्यांतील एका चित्रावरचा पत्ता बदलावयाचा झाला, तेव्हां नव्या कारागिराला तें चित्र उघडतां आलें, बदलतां येईना. फायरवर्क्स आपलें मूळ पीएनजी या खुल्या प्रकारांत साठवी. तें कोणालाही दिसे, परंतु त्यांतील बदलण्याजोगे भाग ओळखण्याची विद्या फायरवर्क्सपाशींच होती. चित्र पुन्हां काढावें लागलें. खर्च पडला तो वाचनालयावर, निवड करणारावर नव्हे.

पेशवे दफ्तरांतील कारकुनांनीं मोडी वापरली ती हाताच्या वेगासाठीं. त्यांत त्यांचें चुकलें असें कोण म्हणेल? आज ते कागद वाचणारे थोडे आहेत. परंतु मोडी कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणून जो शिकेल त्याला ते कागद अजूनही वाचतां येतात. फायरवर्क्सचें तसें नाहीं. जुन्या संगणकावर तें चालेल तोंवर चालेल.

जिंप हें खुलें व विनामूल्य सॉफ्टवेअर. १९९५ सालीं बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनीं तें आरंभिलें. त्याची घडण कोणालाही तपासतां येते. मग सर्वांनीं तेंच घ्यावें काय? असा उपदेश करणें मला सोपें आहे, कारण उद्यां सकाळीं काम पुरें करून देण्याची चिंता मला नाहीं. सरावलेल्या हाताचा वेग ही कांहीं खोटी गोष्ट नव्हे. हत्यार आपल्या हाताजोगें असावें. मात्र दुसऱ्याच्या हवालीं करावयाचें मूळ एसव्हीजीसारख्या खुल्या प्रकारांतही करून द्यावें, एवढेंच माझें म्हणणें. विद्यार्थ्याला तें पटलें. त्यासाठीं लागणाऱ्या जादा तासाचे पैसे ग्राहकाकडून घ्यावे काय, असें त्यानें परवां विचारलें. घ्यावे, असें मीं सांगितलें. तो घेत नाहीं.