किलोच्या भावात प्रवास

जगात दोन प्रकारची माणसं असतात. एक प्रवास करणारी आणि दुसरी प्रवासवर्णनं विकत घेणारी. पहिल्या प्रकारच्या माणसांना पासपोर्ट लागतो, गरम कपडे लागतात आणि परदेशातलं जेवण पचवणारं पोट लागतं. दुसऱ्या प्रकाराला एक आरामखुर्ची आणि थोडी उधारी एवढ्यावर भागतं. आम्हा मालवणकडच्या लोकांचा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे अंमळ जास्त. आमच्यातले जे बाहेर पडले ते खूप लांब गेले, हे खरं. ज्यांचं आडनाव सावंतवाडीजवळच्या कालेली गावावरून आलं, ते काका कालेलकर पायी हिमालय फिरून आले आणि त्यावर पुस्तक लिहून मोकळे झाले. पण मागे राहिलेल्यांचं मत असं, की आपण कशाला जायचं? जग काय, येतंच की आपल्याकडे! ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला येऊन गेला. १६७६ साली पॅरिसमध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने वेंगुर्ल्याला 'मिंग्रेला' करून टाकलं. एका वेंगुर्लेकराला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, ''हिऱ्यांची नावं तरी बरोबर लिहायचा ना?''

जुनं, सचित्र प्रवासवर्णन हातात घेण्याचं सुख मात्र निराळंच. १९६० सालची 'अपूर्वाई' आठवा. पु. ल. विलायतेला गेले ते शब्दांनी, पण शि. द. फडणिसांच्या चित्रांनी त्यांच्या मागोमाग आपल्यालाही बोटीवर चढवलं. त्या पुस्तकाची नवी आवृत्ती दुकानात सहज मिळते. मजकूर तोच, विनोद तोच. तरीही पहिल्या आवृत्तीची, कोपरे झिजलेली, कुणातरी अनोळखी माणसाने 'सौ. हिला वाढदिवसानिमित्त' असं लिहून दिलेली प्रत दिसली की काही माणसांचा श्वास वर-खाली होऊ लागतो. ही माणसं म्हणजे संग्राहक. त्यांच्या घरी वर्तमानपत्राचं बिल थकलेलं असतं, पण १८१३ साली जेम्स फोर्ब्सने आपल्या पश्चिम हिंदुस्थानातल्या मुक्कामावर लिहिलेल्या चार जाडजूड खंडांत कुठला पक्षी कुठल्या पानासमोर आहे, हे त्यांना झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. खंड त्यांच्याकडे नसतात. पक्षी पाठ असतात.

अशा माणसाने मालवणच्या किनाऱ्यावर राहावं ही दैवाची क्रूर थट्टा आहे. इथे पावसाळा चार महिन्यांचा, आणि उरलेले आठ महिने समुद्राची खारी हवा. आगपेटीतली काडी जिथे ओढली तर नुसतीच मऊ होते, तिथे शंभर वर्षांच्या कागदाने काय करावं? आधी पानांवर तांबूस ठिपके येतात, मग बुरशी, मग कसर, आणि शेवटी वाळवी. वाळवीसारखी वाचक नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही ओळ न गाळता! वेखंड, कडुलिंबाचा पाला, डांबरगोळ्या हे सगळे उपाय करून झाले, की माणूस देवावर हवाला ठेवतो. म्हणूनच या बाजूच्या एखाद्या माळ्यावर धड अवस्थेतलं जुनं पुस्तक निघालं, तर तो चमत्कारच समजायचा.

आणि हल्ली माळे रिकामे होताहेत. मुलं मुंबईला, नातवंडं त्याहून पलीकडे. मे महिन्यात चाकरमानी येतो, दोन आंबे खातो आणि एकदम त्याला घर आवरायचा झटका येतो. माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. तांब्यापितळेची भांडी मोड म्हणून जातात आणि कागद म्हणाल तो सगळा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतो. त्या काट्याला पंचांग, सातवीचा भूगोल आणि दुर्मीळ ग्रंथ यांत भेद करता येत नाही. इतकी समबुद्धी गीता वाचूनही येत नाही.

इथेच तो प्रश्न उभा राहतो, ज्यासाठी मी हा सगळा कागद खर्च करतो आहे. समजा, पुस्तक विकणाऱ्याला ते रद्दी वाटतं आणि घेणाऱ्याला ठाऊक आहे की ते घबाड आहे. मग घेणाऱ्याने तोंड उघडायचं की मिटायचं?

लोकांना वाटतं, याचं उत्तर सोपं आहे. तसं असतं तर कायद्याने एवढा घोळ घातला नसता. आपल्या १८७२ सालच्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात म्हटलं आहे, की नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण बोलणं हे कर्तव्यच असेल तर गोष्ट वेगळी. कायदा करणाऱ्यांनी खाली उदाहरणंही दिली आहेत. अ हा ब ला लिलावात घोडा विकतो. घोडा खोडाचा आहे हे अ ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. फसवणूक नाही. पण ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र अ ने सांगितलंच पाहिजे. म्हणजे परक्याच्या गळ्यात लंगडा घोडा बांधायला हरकत नाही, पोटच्या पोरीच्या नको. पुढे आणखी एक उदाहरण आहे. अ आणि ब दोघेही व्यापारी, आणि भाव बदलल्याची आतली बातमी अ ला लागली आहे; ती ब ला सांगायला तो बांधलेला नाही. कायद्याचं एकूण म्हणणं असं, की नातं पाहून बोला.

हे इंग्रजांच्या देशात ठीक आहे. मालवणात नातं नसलेला माणूस आणायचा कुठून? इथे दोन अनोळखी माणसं एस.टी.त शेजारी बसली की ''तुमी खंयचे?'' पासून सुरुवात होते आणि दोन थांबे जायच्या आत एकाची मावशी दुसऱ्याच्या चुलत्याला दिलेली निघते. सतरावं कलम या तालुक्यात चालवायचं म्हटलं, तर गप्प बसायला कुणाला जागाच उरत नाही.

कायद्याच्या आधीही शहाण्यांनी यावर डोकेफोड केली आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. (आमचे वडील आम्हाला शिकताना फक्त पोस्टकार्ड लिहीत. कर्तव्य त्यातही असे, पण थोडक्यात.) त्यात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला, आणि हा अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन तिथे पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. आता ते सांगावं, की चढ्या भावाने माल विकून मोकळं व्हावं? डायोजिनीस नावाचा एक पंडित म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. कायदा मागतो तेवढं सांगा, बस्स. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगा, कारण माणसामाणसांत नातं आहेच. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. गुरूने काय केलं ते लिहिलेलं नाही.

त्याच ग्रंथात स्किव्होला नावाच्या एका गृहस्थांची हकीगत आहे. ते जमीन घ्यायला गेले. मालकाने किंमत सांगितली. हे म्हणाले, मला तर जमीन याहून मोलाची वाटते. आणि एक लाख नाणी वर देऊन आले! सिसेरो म्हणतो, ते भले होते हे कुणी नाकारत नाही, पण शहाणे होते असं मात्र लोक म्हणत नाहीत. मला या स्किव्होलासाहेबांना एकदा सकाळी मालवणच्या मासळीबाजारात उभं करायचं आहे. कोळणीने सुरमईचा भाव सांगावा आणि यांनी म्हणावं, ''बाई, तुम्ही फार कमी सांगताय, माझ्या मते दोनशे रुपये जास्त घ्या.'' ती आधी सुरमई मागे ओढील. मग शेजारणीला हाक मारील, ''नोटी बघून घी गो, खोट्यो आसतल्यो!'' घासाघीस न करणाऱ्या माणसावर आमचा विश्वासच बसत नाही. भाव पाडून मागणं ही इथे समोरच्याची विचारपूस असते.

संग्राहकांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. माझे एक स्नेही आहेत, निवृत्त, मुंबईचे, पण मूळ इकडचेच. ते म्हणतात, ''अरे, तीस वर्षं मी फोर्टातल्या फुटपाथांवर उकिडवा बसलो. धुळीने दमा घेतला. तेव्हा कुठे कागद हाताला कळायला लागला. हे ज्ञान मी फुकट का वाटू? वैद्य जंगलातली मुळी ओळखतो, तेव्हा तो जंगलाला पैसे देतो का?'' मुद्दा बिनतोड आहे. दुकानदाराच्या बाबतीत तर मी तो पूर्ण मान्य करतो. जुन्या पुस्तकांचा धंदा मांडून बसलेल्याने स्वतःचा माल ओळखला नाही, तर तो आणि गिऱ्हाईक, दोघे व्यापारी. कायद्याचं शेवटचं उदाहरण. तो आज फसला तर उद्या दुसऱ्या कुणाला फसवून वसूल करतो. पण माळा म्हणजे दुकान नव्हे.

याच स्नेह्यांना घेऊन मी एकदा आचऱ्याच्या अलीकडे एका वाडीत गेलो होतो. घर आवरायला मुंबईचा नातू आला होता आणि ओटीवर रद्दीचा ढीग पडला होता. शेजारी म्हाताऱ्या काकी आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. ढिगात स्नेह्यांना दिसलं, मॉर्टिमर मेंपिस या चित्रकाराचं हिंदुस्थानावरचं पुस्तक. लंडन, १९०५, पंचाहत्तर रंगीत चित्रं. त्यांचे कान लाल झाले. अशा पुस्तकाचं पुढे काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. धंदेवाईक लोक चित्रं ब्लेडने कापतात, एकेक चौकटीत घालतात आणि हॉटेलांना विकतात. सगळ्या पुस्तकापेक्षा कापलेल्या चित्रांचे पैसे जास्त येतात; तुकडे केले तर फणसही जास्त देतो, तसं.

नातू म्हणाला, ''काका, हवं ते उचला. किलोनेच जाणार आहे.''

स्नेही पुस्तक हातात धरून उभे राहिले. तीस वर्षांचं ज्ञान घशाशी आलेलं मी पाहत होतो. त्यांनी पानं उलटली. शेवटच्या कोऱ्या पानावर बोरूच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. अशी शाई म्हणजे संग्राहकांच्या भाषेत डाग. त्याने किंमत उतरते. पण त्यांनी पुस्तक मिटलं आणि काकींच्या पुढ्यात जाऊन बसले. म्हणाले, ''काकी, ही रद्दी नाही. मोलाचं पुस्तक आहे. याचे चांगले पैसे येतील.''

काकींनी मान वर केली नाही. ''रद्दी न्हय ता माका ठावक आसा,'' त्या म्हणाल्या. ''रद्दी आसा तर चाळीस पावसाळे मी ता चुलीवरच्या फळयेर कित्याक सुकयलंय?''

तेव्हा आम्हाला पुस्तकाचा वास कळला. बुरशीचा नव्हता, धुराचा होता. सासरे मुंबईला कचेरीत होते. साहेब विलायतेला परतला तेव्हा त्याने हे पुस्तक त्यांना दिलं. सासऱ्यांना इंग्रजी हिशेबापुरतं येत असे, पण शेवटचं पान कोरं होतं आणि घरात दुसरा इतका जाड कागद नव्हता. म्हणून मुलांच्या जन्माच्या तिथ्या त्यांनी त्यावर लिहिल्या. ''त्या पानार माझ्या घोवाचो जल्म लिवलेलो आसा,'' काकी म्हणाल्या, आणि नातवाकडे एकदाच पाहिलं. नातवाने ढीग नव्याने चाळायला घेतला.

स्नेह्यांना पुस्तकाची किंमत माहीत होती आणि काकींना माहीत नव्हती, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात अर्धं ज्ञान यांच्याकडे होतं आणि अर्धं त्यांच्याकडे. फुटपाथवर बसून दमा घेण्याचे कष्ट यांचे, तर ओल्या पानांना चाळीस वर्षं धूर देण्याचे कष्ट त्यांचे. हे गप्प बसले असते तर पुस्तक सव्वा किलोच्या भावात मिळालं असतं, पण धुराचा वास त्यांनी जन्मभर वाळवीचा उपाय म्हणून नोंदवला असता आणि नवऱ्याच्या जन्मतिथीला डाग म्हटलं असतं. गप्प बसणारा समोरच्याला फसवतो की नाही, ते वकील ठरवतील. पण समोरच्याला जे सांगायचं असतं ते त्याला कधीच ऐकायला मिळत नाही, एवढं मी त्या ओटीवर पाहिलं.

म्हणून माझा साधा नियम असा: विकणारा धंद्यातला नसेल, तर वस्तू काय आहे ते आधी सांगावं, भाव नंतर खुशाल पाडून मागावा. तीस वर्षांच्या ज्ञानाचा मोबदला घासाघिशीत वसूल करावा, मौनात नव्हे. स्किव्होलासारखं लाखभर वर देण्याची गरज नाही. ते आपल्याला परवडणार नाही, आणि कोळणींनाही आवडणार नाही.

त्या पुस्तकाचा सौदा मात्र पुरा झाला नाही. काकी म्हणाल्या, ''माझ्यामागसून तू ने. पण शेवटचा पान फाडू नको.'' स्नेह्यांनी पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. आमसुलांची पुडी मात्र दिली. यातून नवीनच नैतिक पेच निर्माण झाला आहे. स्नेही मोठे सज्जन. काकींना उदंड आयुष्य लाभावं असं त्यांना मनापासून वाटतं. पण आता फोनवर ''तब्येत कशी आहे?'' हा साधा प्रश्न विचारतानासुद्धा ते अडखळतात. आणि पलीकडून काकी खणखणीत आवाजात विचारतात, ''चौकशी माझी करतंस काय पुस्तकाची?''

सतराव्या कलमाखाली याला उदाहरण नाही. सिसेरोही इथे उपयोगाचा नाही. स्नेही गप्प बसतात. आणि अशा गप्प बसण्याला फसवणूक म्हणायचं की नाही, हे मी काकींनाच विचारणार आहे.