तो निसटावा असं का वाटतं?

कायदा वाकवणारा नायक मराठी वाचकाला नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर आपल्या दोन पिढ्या पोसल्या. पण झुंजार वाईटांनाच नडायचा, त्यामुळे त्याच्या बाजूने उभं राहताना मनाला टोचणी लागत नसे. ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ या कादंबरीच्या नायकाचं, टॉम रिप्लेचं, तसं नाही. तो स्वार्थासाठी खून करतो, आपण ते पाहतो आणि तरीही तो पकडला जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरून पानं उलटत राहतो.

पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९५५ साली आली. न्यूयॉर्कमध्ये टॉम प्राप्तिकर खात्याचा माणूस असल्याची बतावणी करून लोकांकडून चेक उकळतो. गंमत म्हणजे ते सरकारच्या नावाचे असल्यामुळे त्याला वटवता येत नाहीत! इथेच हा माणूस कळतो. पैशापेक्षा दुसरं कुणीतरी होण्याची चटक त्याला जास्त. पुढे एक श्रीमंत बाप इटलीत रमलेल्या आपल्या मुलाला, डिकीला, परत आणायला त्याला धाडतो. डिकीचं आयुष्य टॉमला इतकं आवडतं, की तो ते घेऊनच टाकतो.

खून होतो सान रेमोच्या समुद्रात, छोट्या मोटरबोटीत, वल्ह्याने. टॉमचे आईवडील बुडून मेलेले, त्यामुळे त्याला पाण्याची भीती. डिकीचा देह समुद्रात ढकलताना बोट एकदम उसळते आणि टॉम स्वतःच पाण्यात पडतो. सुकाणूवर कुणी नसलेली बोट त्याच्याभोवती गरगरत राहते. त्या पानावर वाचक श्वास रोखतो तो टॉमसाठी. नुकताच गेलेला डिकी कुणाच्या ध्यानातही नसतो.

हे लेखिकेने साधलं कसं? टॉमबद्दल सहानुभूती वाटते म्हणून, असं सहसा सांगितलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. त्याचं लहानपण वाईट गेलं, मावशीने हिणवलं, हे सगळं आहे. पण तेवढ्यावर कुणी खुन्याला माफ करत नाही. हायस्मिथ आपल्याला त्याच्या कामाला जुंपते. डिकीची सही गिरवायची, पत्रं त्याच्या शैलीत टाइप करायची, आज कोणत्या नावाने वावरायचं ते लक्षात ठेवायचं. ही सगळी उस्तवार आपण टॉमसोबत करतो. ज्याचे कष्ट इतक्या जवळून पाहिले, त्याचा डाव विस्कटलेला बघवत नाही. शिवाय एक थाप पचवायला पुढच्या दहा माराव्या लागतात, हे ज्याला माहीत नाही असा सज्जन वाचक कुठे असतो?

रोममधल्या फ्लॅटवर डिकीचा मित्र फ्रेडी येतो तो प्रसंग पाहा. टॉमच्या अंगावर डिकीच्या वस्तू आहेत हे फ्रेडीच्या नजरेत भरतं. तो निघून जातो. टॉम जिन्याच्या कठड्यावरून खाली कान लावतो. फ्रेडी मोडक्या इटालियनमध्ये घरमालकिणीशी बोलतोय. वर कोण राहतं, एवढीच चौकशी. मग पावलं पुन्हा वर चढू लागतात. बंदूक नाही, पाठलाग नाही. नुसती जिन्यावरची पावलं.

याउलट अलीकडे थरारकादंबऱ्यांच्या वेष्टनांवर शेवटच्या धक्क्याची जाहिरात असते. गिलियन फ्लिनच्या ‘गॉन गर्ल’ला २०१२ साली मोठं यश मिळालं आणि मग धक्क्यांचं पीकच आलं. त्यात ‘गॉन गर्ल’चा दोष नाही, ती मध्यावरच आपलं गुपित फोडून पुढे जाते. पण तिच्यामागून आलेल्या बऱ्याच पुस्तकांत धक्का काढून घेतला तर हाती काही उरत नाही. शेवट कळल्यावर पुस्तक रद्दीत जात असेल, तर त्यात मन कमी आणि युक्ती जास्त होती, असं खुशाल समजावं.

एका सिनेमावाल्याला तर टॉमचं निसटणं पचलं नाही. रेने क्लेमाँने १९६० साली अलाँ देलॉंला घेऊन केलेला फ्रेंच चित्रपट देखणा आहे, पण त्याच्या शेवटी प्रेत वर येतं आणि पोलीसही येऊन ठाकतात. प्रेक्षक निर्धास्त घरी जातो. हायस्मिथ वाचकाला तशी सुटका देत नाही. टॉमला तर ती आणखी चार कादंबऱ्यांत खेळवते. शेवटची १९९१ सालची.

तेव्हा पुस्तक आधी वाचा, चित्रपट मग पाहा. आणि कुणी आपणहून शेवट सांगून टाकला, तर त्याच्याशी भांडू नका. ही कादंबरी शेवट ठाऊक असूनही तितकीच धडकी भरवते.